लाटेवरची फळी आणि तिच्याखालचा पर

चेन्नईहून उत्तरेकडे निघालेली उपनगरी गाडी पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरांचे अंतर तोडून गुम्मिडिपूंडीला येते. स्थानकाभोवती आज कारखान्यांची वसाहत पसरलेली आहे. नवख्या प्रवाशाला येथे समुद्राची चाहूलही लागत नाही. परंतु गावाच्या पूर्वेला पुलिकतचे विस्तीर्ण खारे सरोवर आहे आणि त्या सरोवरापलीकडे, वाळूचा एक लांबट पट्टा ओलांडला की, थेट बंगालचा उपसागर. ज्याला चोळमंडलाचा किनारा म्हणतात त्याचाच हा भाग. कोकणच्या किनाऱ्याला खाड्या आहेत, खडकांचा आडोसा आहे, गलबत सुखाने आत घेता येईल अशी बंदरे आहेत. या पूर्व किनाऱ्यावर तसे काही नाही. येथे सरळ, उघडी वाळू आणि तिच्यावर रात्रंदिवस फुटणाऱ्या लाटा. समुद्रावर जायचे तर या फुटत्या लाटांतून जायचे आणि परतायचे तेही त्यांच्याच पाठीवरून, हा या किनाऱ्याचा नियम आहे.

या नियमातून जे वाहन जन्माला आले त्याचे नाव कट्टुमरम. तमिळ भाषेत ‘कट्टु’ म्हणजे बांधणे आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड. हलक्या लाकडाचे काही ओंडके शेजारी शेजारी ठेवून दोरीने आवळले की हे वाहन तयार होते. त्याला पोकळ पोट नसल्यामुळे त्यात पाणी साठत नाही आणि उपसावेही लागत नाही. लाट अंगावरून गेली तरी पाणी ओंडक्यांच्या फटींतून निघून जाते. काम संपले की दोऱ्या सोडून ओंडके वाळूवर वाळत टाकायचे. इंग्रजांनी या शब्दाचे ‘कॅटामरान’ केले आणि पुढे जगभर तो दोन नौका जोडून केलेल्या निराळ्याच जहाजासाठी रूढ झाला. शब्दाने प्रवास केला, वस्तू मात्र आपल्या किनाऱ्यावरच राहिली.

कट्टुमरमची खरी परीक्षा समुद्रावर जाताना नव्हे, परतताना होते. मागून लाट उंचावते, ओंडक्यांचे मागचे टोक उचलले जाते आणि सारे वाहन उतारावरून खाली घसरू लागते. वेग एकाएकी वाढतो. या क्षणी मागचे टोक किंचित जरी बाजूला सरकले तरी वाहन लाटेला आडवे होते आणि उलटते. म्हणून अनुभवी माणूस मागच्या बाजूला गुडघे टेकून बसतो आणि हातातले वल्हे पाण्यात उभे धरून ठेवतो. तो वल्हवीत नसतो. पाण्यात उभी राहिलेली ती फळी मागचे टोक जागच्या जागी धरून ठेवते एवढेच. माणसाचे प्राण, दिवसभराची मासळी आणि कुटुंबाचे उद्याचे अन्न त्या वितभर रुंदीच्या लाकडावर अवलंबून असते.

हाच प्रश्न पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर, एका निराळ्या रूपाने उभा राहिला. तेथील लोक शेकडो वर्षे लाकडी फळीवर उभे राहून लाटांवर स्वार होत आले आहेत. आज ज्याला जग सर्फिंग म्हणून ओळखते तो हाच खेळ. या जुन्या फळ्यांचा तळ गुळगुळीत असे, त्याखाली काहीही लावलेले नसे. सरळ किनाऱ्याकडे येण्यास अशी फळी पुरेशी होती. परंतु उंच लाटेच्या उतारावरून तिरके जाऊ लागले की फळीचे शेपूट घसरे आणि स्वार पाण्यात पडे. फळीला वळण द्यावयाचे तर एक पाय पाण्यात सोडून ओढावा लागे.

टॉम ब्लेक या अमेरिकन पोहणाऱ्याने १९३५ मध्ये हवाईतील वाइकीकीच्या किनाऱ्यावर यावर उपाय शोधला. कोणीतरी टाकून दिलेल्या एका वेगवान मोटारनौकेच्या तळाचा लहानसा धातूचा कणा काढून त्याने तो आपल्या फळीच्या शेपटाखाली बसवला. गलबताच्या तळाशी असणाऱ्या ज्या लांब लाकडाला कोकणात पठाण म्हणतात, त्याचेच हे छोटे भावंड. उंची जेमतेम चार इंच, पण फळीचे घसरणे थांबले. माशाच्या पराशी असलेल्या साम्यामुळे या तुकड्याला इंग्रजीत ‘फिन’ हे नाव मिळाले. आपणही त्याला परच म्हणू.

हा पर म्हणजे सुकाणू नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. सुकाणू फिरते आणि ते फिरवले की नौका वळते. पर फळीला घट्ट बसवलेला असतो, तो तसूभरही हलत नाही. फळी वळते ती स्वाराच्या अंगाच्या झोकाने. तो एका बाजूला कलला की त्या बाजूचा काठ पाण्यात रुततो आणि फळी तिकडे वळू लागते. पराचे काम असे की, या वळणात शेपूट किती धरून ठेवायचे आणि किती मोकळे सोडायचे हे त्याने ठरवावे. हे ‘किती’ पराच्या आकारावर अवलंबून असते, परंतु त्याहूनही अधिक ते त्याच्या जागेवर अवलंबून असते.

जागेचे हे महत्त्व समजण्यासाठी समुद्रावर जाण्याची आवश्यकता नाही. घरच्या टाकीत हातभर लांबीची लाकडी पट्टी तरंगवावी. तिच्या मागच्या टोकाखाली पत्र्याचा एक लहान तुकडा लांबीच्या दिशेने उभा ठोकावा आणि पट्टी पुढे ढकलावी. ती सरळ जाते. हाच तुकडा काढून मधोमध ठोकला तर पट्टी बाजूला फारशी सरकत नाही, परंतु जरा धक्का लागताच तिचे तोंड हवे तिकडे फिरते. आणि तुकडा पुढच्या टोकाखाली ठोकला तर पट्टी क्षणभर पुढे जाते, मग गर्रकन फिरते आणि मागचे पुढे करून वाहू लागते. तुकडा तोच आणि पट्टीही तीच. केवळ जागा बदलली आणि स्वभाव पालटला.

आपल्या धनुर्धरांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. बाणाची पिसे नेहमी मागे असतात. बाण उडताना त्याचे तोंड किंचित तिरके झाले की वारा मागच्या पिसांवर आपटतो, शेपूट ढकलून पूर्वस्थितीला आणतो आणि बाण पुन्हा सरळ होतो. वाऱ्याचा दाब ज्या बिंदूवर पडतो तो बाणाच्या भारमध्याच्या मागे असल्यामुळे चूक आपोआप दुरुस्त होते. तो बिंदू पुढे आणला तर तोच दाब चूक दुरुस्त न करता वाढवीत नेतो. लाटेवरच्या फळीला हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच की बाणाला केवळ सरळ जायचे असते आणि फळीला सरळही जायचे असते व वळायचेही असते. सारी अडचण या दुहेरी अपेक्षेत आहे.

पर जितका मागे, तितका तो स्वाराच्या पायांपासून दूर. दाराची कडी बिजागरीपासून दूर असली की थोड्या जोराने दार फिरते, त्याच न्यायाने दूरच्या पराला शेपूट धरून ठेवण्यास थोडा दाब पुरतो. अशी फळी वेगातही डगमगत नाही, मोठ्या लाटेवर विश्वासाने चालते. परंतु तिचे वळण मोठे होते. लांब बैलगाडी अरुंद बोळात वळवावी तशी ती वळवताना स्वाराची दमछाक होते. उलट पर पुढे सरकवला की शेपूट मोकळे होते. फळी चटकन फिरते, लहान लाटेवर खेळवता येते. मात्र वेग वाढताच तिचे मागचे टोक सैल वाटू लागते आणि नवशिक्याचा तोल जातो.

म्हणूनच लांब फळ्यांच्या तळाला सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीची एक खाच ठेवण्याची पद्धत पडली. पर या खाचेत पुढे-मागे सरकवून स्क्रूने आवळता येतो. अर्धा इंच सरकवला तरी जाणकाराच्या पायाला फरक कळतो. लाटा मोठ्या असल्या तर पर मागे, लहान असल्या तर पुढे, असा ढोबळ संकेत आहे.

पर पाण्यात काय करतो, याचाही थोडा उलगडा आवश्यक आहे. पाणी समोरून सरळ आले तर पर त्याला केवळ चिरतो. पाणी थोडे तिरके आले की विमानाच्या पंखावर जसा वर उचलणारा दाब निर्माण होतो, तसा परावर बाजूचा दाब निर्माण होतो. विमानाचा पंख आडवा असतो म्हणून तो वर उचलतो, पर उभा असतो म्हणून तो बाजूला रेटतो. हा तिरकेपणा वाढत जातो तसा दाबही वाढतो, परंतु एका मर्यादेपर्यंतच. साधारण पंधरा अंशांच्या आसपास पाण्याचा प्रवाह पराची पाठ सोडतो, भोवरे उठतात आणि पकड अचानक सुटते. फळी ‘हातातून निसटली’ असे स्वार म्हणतो तेव्हा बहुधा हेच घडलेले असते.

एकाच पराने स्थैर्य आणि चपळता ही दोन्ही साधत नाहीत, हे ध्यानात आल्यावर कारागीर दोन परांकडे वळले. मध्यभागीचा पर काढून टाकायचा आणि दोन्ही काठांजवळ, थोडे पुढे, एकेक पर बसवायचा. फळी एका बाजूला कलली की त्या बाजूचा पर पाण्यात खोल जातो आणि वळण तिथूनच सुरू होते. मागे काहीच नसल्यामुळे शेपूट मोकळे असते. ऑस्ट्रेलियाचा मार्क रिचर्ड्स याने अशा दोन परांच्या फळीवर १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळवले. परंतु मोठ्या लाटांवर ही फळी बिचकणाऱ्या घोड्यासारखी वागे. हलक्या अंगाचा, निष्णात स्वार तिला सावरून घेई, थोराड बांध्याच्या माणसाला ती दाद देत नसे.

अशाच थोराड बांध्याचा एक स्वार होता ऑस्ट्रेलियाचाच सायमन अँडरसन. दोन परांची फळी त्याच्या पायांखाली टिकेना. त्याने १९८० च्या अखेरीस दोन बाजूंचे पर कायम ठेवून त्यांच्या मागे, मध्यरेषेवर, त्याच मापाचा तिसरा पर बसवला. पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, बेल्स बीच येथील स्पर्धेत प्रचंड लाटांवर तो या फळीवरून विजयी झाला आणि थोड्याच वर्षांत जगभरच्या बहुतेक लहान फळ्या तीन परांच्या झाल्या. पुढचे दोन पर वळण घेतात, मागचा एक शेपूट सांभाळतो. हे श्रमविभाजनच त्या शोधाचे मर्म होय.

या तीन परांची जागा आता बरीचशी ठरून गेली आहे. मागचा पर शेपटाच्या टोकापासून सुमारे नऊ सेंटिमीटरांवर, बाजूचे पर सुमारे अठ्ठावीस सेंटिमीटरांवर आणि काठापासून जेमतेम तीन सेंटिमीटर आत. पुढची जोडी आणि मागचा पर यांतील अंतर कमी केले तर सारे पर जणू एकाच आसाभोवती गोळा होतात आणि फळी चटकन फिरते. अंतर वाढवले तर फळी लांब पल्ल्याची, ठाम वळणे घेते. बाजूचे पर काठाकडे नेले तर फळी कलवताच ते काम करू लागतात. मध्याकडे आणले तर फळी अधिक कलवावी लागते.

बाजूच्या परांविषयी आणखी दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. हे पर मध्यरेषेशी अगदी समांतर नसतात. त्यांची पुढची कड सुमारे पाव इंच आत, म्हणजे फळीच्या नाकाकडे वळलेली असते. त्यामुळे पाणी त्यांना आरंभापासूनच किंचित तिरके लागते आणि दाब तयारच असतो. सरळ जाताना डाव्या-उजव्या परांचे दाब परस्परांना छेद देतात, फळी कलताच एका बाजूचा दाब वरचढ होतो आणि वळण ताबडतोब सुरू होते. याची किंमत अशी की सरळ जाताना दोन्ही पर एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि वेग थोडा घटतो. दुसरी गोष्ट म्हणजे हे पर काही अंश बाहेरच्या बाजूला कललेले असतात. फळी एका अंगावर झुकली की त्या बाजूचा कललेला पर पाण्यात जवळजवळ उभा होतो आणि पकड घट्ट राहते. पुढे चार परांच्या फळ्याही आल्या. त्यांत मधला पर नसतो. पाण्याला वाट मोकळी मिळते, वेग वाढतो, पण वळणाचा तो मध्यभागचा टेकू नाहीसा होतो. प्रत्येक रचना काहीतरी देते आणि त्याच्या मोबदल्यात काहीतरी घेते.

आता पुन्हा चोळमंडलाच्या किनाऱ्याकडे वळावयास हरकत नाही. शिडाच्या मोठ्या कट्टुमरमवर परतीच्या वल्ह्याखेरीज आणखी एक साधन असे. दोन ओंडक्यांच्या फटीतून एक सपाट फळी उभी खाली पाण्यात सोडलेली असे. वारा बाजूने आला की शीड सारे वाहन त्याच्याबरोबर ढकलू पाहते. पाण्यातली फळी त्याला विरोध करते. ती ओंडक्यांना जोडलेली नसल्यामुळे वर ओढता येई, खाली दाबता येई. म्हणजे आजचा स्वार खाचेतला पर किनाऱ्यावर बसून स्क्रूने जो बदल करतो, तो बदल हा कोळी चालत्या वाऱ्यात, समुद्रावर हाताने करू शकत होता.

अशाच फळ्या दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील तराफ्यांनाही होत्या, त्यांना तेथे ‘ग्वारा’ म्हणत. नॉर्वेचा संशोधक थोर हायरडाल याने १९४७ मध्ये ‘कोन-टिकी’ या तराफ्यावरून पेरूपासून पॉलिनेशियापर्यंत १०१ दिवसांचा प्रवास केला. त्याच्या तराफ्यालाही फळ्या होत्या, परंतु त्यांचे पुरते मर्म त्या प्रवासात उमगले नव्हते. १९५३ मध्ये इक्वेडोरच्या किनाऱ्यावर लहान तराफा घेऊन प्रयोग केल्यावर ते उघड झाले. पुढची फळी खाली दाबली की तराफ्याचे तोंड वाऱ्याकडे वळते, पुढची उचलून मागची दाबली की ते वाऱ्यापासून दूर जाते. सुकाणूशिवाय, केवळ फळ्यांच्या जागा व खोली बदलून तराफा हवा तिकडे नेता येतो. ओंडके बांधून केलेल्या वाहनाला अडाण्याचे साधन समजणाऱ्या पंडितांना हा एक धडाच होता.

आज गुम्मिडिपूंडी-पुलिकतच्या किनाऱ्यावर दृश्य बदलले आहे. कृत्रिम तंतूंच्या नौका आणि त्यांच्या मागे लावलेली मोटार यांनी बांधीव ओंडक्यांची जागा बव्हंशी घेतली आहे. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर या नौकांचा प्रसार अधिकच वेगाने झाला. मोटारीने कष्ट वाचले, पल्ला वाढला, कोळ्याच्या पदरात मासळी लवकर पडू लागली. त्याबद्दल कोणी खेद करू नये. परंतु वल्हे कोठे धरायचे, फळी किती दाबायची हे ज्ञान पुस्तकात नव्हते, ते हातात होते, आणि हाताला काम उरले नाही की असे ज्ञान एका पिढीत विसरले जाते.

या गोष्टीला एक आशादायक बाजूही आहे. चेन्नईच्या दक्षिणेस कोवलम व महाबलिपुरम या किनाऱ्यांवर गेल्या काही वर्षांत सर्फिंग रुजले, आणि त्यात पुढे आलेले अनेक तरुण कोळ्यांच्याच वस्त्यांतले आहेत. लाट कोठे उठेल, कोठे फुटेल हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धा महाबलिपुरमला भरल्या. ज्या किनाऱ्यावर आजोबा वल्हे पाण्यात रोवून परतत होते, तेथे नातू पायाखालच्या पराची जागा ठरवीत उभा आहे. अर्थात हा केवळ विनोदाचा खेळ नाही. पराची कड टणक असते आणि पडलेल्या स्वारावर फळी उलटली तर ती जखम करते. म्हणून नवशिक्याला मऊ पराची, लांब व रुंद फळी देतात आणि मागचा पर जागच्या जागी ठेवतात. आधी स्थैर्य शिकावे, मोकळेपणा मागाहून घ्यावा, हा क्रम येथेही सुटत नाही.

पराच्या मापांची आज कोष्टके छापली जातात. सेंटिमीटर आणि अंश मोजले जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु कट्टुमरमच्या फळीची आणि वल्ह्याची मापे अद्याप काही वृद्ध कोळ्यांच्या हातांतच आहेत. पुलिकतच्या वाळूवर बसून ती विचारून घेणे, मोजणे आणि लिहून ठेवणे हे काम फार खर्चाचे नाही. ते मात्र लवकर व्हावयास हवे, कारण ज्यांना विचारायचे ती माणसे थकत चालली आहेत. कोकणातल्या गलबतांविषयीही असेच म्हणता येईल. शेपटाखालचा वितभर तुकडा फळीला दिशा देतो. मोठ्या वाहनाचे भवितव्य पुष्कळदा अशाच लहान, पाण्याखाली दडलेल्या आणि म्हणून सहज दुर्लक्षिल्या जाणाऱ्या वस्तूच्या जागेवर ठरते.